एक कप, एक बशी आणि आबांचा बोळ

श्रावणातला शनिवार. सकाळी भुरभुर, दहानंतर ऊन, वारा पश्चिमेचा, हवा दमट. उद्या कानबाई.

जळालेली मोटार आणि भांडण यांची एक गोष्ट सारखी असते. आणून टाकायला सगळे धावत येतात, न्यायला कोणी लवकर येत नाही. माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे आणि गावच्या तंटामुक्ती समितीचं रजिस्टरही माझ्याचकडे असतं. त्यामुळे दोन्ही ढीग माझ्याच शेडमध्ये वाढतात.

समितीची बैठक खरं तर पंचायतीच्या हॉलमध्ये व्हायला हवी. पण हॉलची किल्ली ज्यांच्याकडे असते ते शहाद्याला राहतात. म्हणून दर मंगळवारी माझ्या शेडमध्ये बसतो. चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक बाक आहे. दोन्ही हात शाबूत असलेली खुर्ची एकच, ती अध्यक्षांची. मी सचिव झालो तो शिक्षणामुळे नव्हे, आठवीतच शाळा सुटली माझी. पहिल्या बैठकीला पेन फक्त माझ्या खिशात होतं, एवढंच. वायंडिंगमध्ये कुठल्या खाचेत किती वेढे घातले ते लिहून ठेवावं लागतं, नाहीतर मोटार पुन्हा जळते. तीच सवय रजिस्टरला लागली. तारीख, हवा, कोण कुठे बसलं, कोण काय म्हणालं, निकाल.

आमचे अध्यक्ष उत्तमआबा. आसपासच्या पाच गावांत त्यांच्याइतका शांत माणूस नाही. दुसऱ्यांच्या भांडणात.

कारण आबा स्वतः सख्ख्या धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोललेले नाहीत. भगवाननाना शेजारीच राहतात. दोन घरांच्या मधे तीन फुटांचा बोळ आहे. नानांनी त्यात धुण्याचा दगड टाकला. आबा म्हणाले, पाणी माझ्या पायात मुरतं. नाना म्हणाले, तुमच्या पत्र्याची पन्हाळ त्याच बोळात पडते, त्याचं काय? संपलं. दगड अजून तिथेच आहे आणि त्यावर कोणी धुणं धूत नाही.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. थोरल्या घरी नारळाची देवी सजते आणि सगळे भाऊबंद एकत्र बसून नैवेद्याचा रोट खातात. रोटाचा गहू घरातल्या कर्त्या पुरुषाने स्वतःच्या मुठीने घ्यायचा, एकेका पुरुषाचं नाव घेऊन, नावामागे सव्वा मूठ. आबांच्या घरी पुरुष दोन, आबा आणि मुलगा. नानांच्या घरी तीन, नाना आणि दोन मुलगे. अकरा वर्षं नानांचं घर रोटाला गेलेलं नाही. पण या उन्हाळ्यात त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. नवी सून पहिल्या श्रावणात कानबाईपुढे बसलीच पाहिजे. गेल्या मंगळवारी नानांनी गावभर सांगून टाकलं, "मी यंदा मन्ही येगळी कानबाई बसाडस."

रोट एकदा वेगळा झाला की पुन्हा जोडत नाहीत. पुढच्या पिढ्या एकमेकांचा रोट खात नाहीत. हे आबांना माहीत, नानांना माहीत, सगळ्या गावाला माहीत. त्याचं काय झालं ते शेवटी येईलच, कारण रजिस्टर मी क्रमानेच लिहितो.

*

आधी आबांची पद्धत सांगितली पाहिजे. भांडणारे दोघे आले की आबा एकच चहा मागवतात. कप एकाच्या हातात, बशी दुसऱ्याच्या. चहा अर्धा-अर्धा. कप आणि बशी रिकामी होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. गरम चहा पिताना माणूस फुंकर मारतो, आणि फुंकर मारणाऱ्याला शिवी देता येत नाही, हा आबांचा सिद्धांत.

पद्धत बऱ्याचदा लागू पडते. एकदा मात्र दोन चुलत भाऊ आले. बैल कोणाच्या गोठ्यात बांधायचा यावर तंटा होता. चहा आला. कप कोणी घ्यायचा यावर नवा तंटा सुरू झाला. थोरला म्हणाला कप माझा, धाकटा म्हणाला बशी काय म्हणून माझी? चहा थंड झाला, तरी कोणी हात लावेना. शेवटी तो आबांनीच पिऊन टाकला.

धाकटा म्हणाला, "आबा, तुम्हना बोळमा बी एखांदा चहा न्या ना."

आबांनी रिकामा कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "पुढला तंटा ल्या."

रजिस्टरमध्ये नोंद आहे. तंटा: बैल. वाढीव तंटा: कप.

*

मिरचीचा किस्सा मार्चमधला. हवा कोरडी, वारा जोरात.

आमच्या जिल्ह्यात मार्च महिना अंगणात लाल मिरची वाळवल्याशिवाय जात नाही. रामकोरबाईंनी घरातच मिरची कुटायचं यंत्र, तिखटाचा डंक, बसवला. शेजारच्या लताबाईंची तक्रार अशी, की यांचा डंक वारा आमच्याकडे वळला की बरोबर सुरू होतो.

रामकोरबाई म्हणाल्या, "मंग वारा काय मन्हा बापना शे?"

लताबाई म्हणाल्या, "वारा नही, पन बटन तं तुन्हा हातमा शे!"

आबांनी ठरवलं, की स्थळपाहणी केल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. समिती गेली. आबा, मी आणि सरुबाई. सरुबाई आमच्या समितीची सभासद, सातपुड्याकडच्या पाड्यातून लग्न होऊन आलेली, पावरा समाजातली. बोलते अहिराणी, रागावली की पावरी. आबा दारात उभे राहून म्हणाले, "डंक सुरू करा, आम्हले देखू द्या."

सुरू केला.

आबांनी "दोन्ही पक्षांनी" असं म्हणायला तोंड उघडलं आणि शिंकले. मी लिहायला वही उघडली आणि शिंकलो. सरुबाई पदर तोंडाला लावून अंगणाबाहेर जाऊन बसली. डोळ्यांतून पाणी वाहतंय म्हणून लताबाईंनी आबांना तांब्या दिला, रामकोरबाईंनी मला. मग त्या दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. आम्हाला शिंका आवरेनात आणि त्यांना हसू.

निकालाच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं. "स्थळपाहणी केली. पंचांना बोलता आले नाही. तंटा मिटला."

*

मोबाईल आल्यापासून बांधाची भांडणं कमी झालीत असं नाही. त्यांत भर पडली आहे.

एक सासू आली. हातात फोन, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "सूननी माले ग्रुपमाईन काढी टाकं."

सून मागोमाग आलीच. म्हणाली, "आबा, रोज सकायले चौदा फुलं धाडतस. चौदा! मन्हा फोन फुलसनी भरी ग्या."

सासू म्हणाली, "फुलंच धाडस ना, काटा तं नही धाडत."

प्रश्न असा, की घरच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण. सून म्हणे, ग्रुप मी बनवला. सासू म्हणे, घर मी बनवलं. मुलगा दोघींच्या मधे उभा होता. त्याला विचारलं तेव्हा त्याने खाली बघून सांगितलं, की तो आठवड्यापूर्वीच ग्रुपमधून बाहेर पडला आहे.

आबांनी चहा मागवला. सासूला कप, सुनेला बशी. दोघी शांतपणे प्यायल्या. मग आबांनी निकाल दिला, "घरमा मोठा कोन? सासरा. अ‍ॅडमिन तोच."

दोघींना पटलं. सासरे बाहेर बिडी ओढत होते, त्यांना आत बोलावून हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खिशातून फोन काढून आबांपुढे ठेवला. बटणांचा. त्याच्या दोन बटणांवरचे आकडे पुसलेले.

निकाल बदलला नाही. ग्रुप तेव्हापासून बंद आहे. घर चालू आहे.

*

आता जे लिहितो ते समितीबाहेर वाचून दाखवू नये, असं आबांनी मला दोनदा सांगितलं आहे.

एकदा तालुक्याहून पाहणीला साहेब येणार होते. गाव तंटामुक्त आहे हे सिद्ध करायचं तर मिटवलेला तंटा समोर दाखवावा लागतो. आणि त्याच महिन्यात गावात एकही भांडण झालेलं नव्हतं. कापूस वेचणी जोरात होती, कोणाला सवड नव्हती. आबा चिंतेत पडले. म्हणाले, "तंटाच नही तं मुक्त कसापासून व्हवानं?"

उपाय निघाला. नमुन्याचं भांडण. मोतीराम आणि दशरथ या दोघांना निवडलं. लहानपणापासूनचे मित्र, एका ताटात जेवणारे. विषय ठरवून दिला, बांधावरच्या निंबाची सावली. मोतीरामने म्हणायचं, तुझ्या निंबामुळे माझा कापूस वाढत नाही. दशरथने म्हणायचं, निंब आजोबांनी लावलाय. मग आबांनी कप-बशी काढायची. दोन वेळा तालीम केली. मी दोघांचे संवाद कागदावर लिहून दिले होते.

साहेब आले. हातांच्या खुर्चीवर बसले. भांडण सुरू झालं. मोतीराम छान बोलला. दशरथही छान बोलला. साहेब खूश होऊन लिहून घेत होते. मग मोतीरामला चेव आला आणि त्याने कागदावर नसलेलं एक वाक्य टाकलं.

"तुन्हा बाप बी असाच व्हता. जल्मभर दुसरानाच सावलीमा झोपना."

दशरथने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून खुणेने सांगितलं, की हे मी लिहिलेलं नाही. दशरथ उठला. कप आला होता, बशी आली होती, तो त्यांच्यावरून पलीकडे पाय टाकून निघून गेला.

साहेब म्हणाले, "फारच अस्सल! असं गाव मी पाहिलं नाही."

आम्हाला शाबासकीचं पत्र मिळालं. ते पंचायतीच्या हॉलमध्ये लावलं आहे, म्हणजे आत बंद आहे. मोतीराम आणि दशरथ एकमेकांशी बोलले त्याला तीन वर्षं झाली. रजिस्टरमध्ये उद्भवाचं कारण असा एक रकाना आहे. तिथे मी "समिती" असं लिहिलं.

*

सरुबाईचा किस्सा छोटा आहे. पण मी तो वहीत चौकट करून ठेवला आहे.

जामसिंग आणि रतन, दोघांची घरं पाड्यात शेजारी. दोघं दरवर्षी कुटुंबासकट ऊसतोडीला गुजरातेत जातात. दिवाळीनंतर जायचं, होळी जवळ आली की परतायचं. परतल्यावर अंगणावरून जुंपली. रतनचं कुंपण वीतभर पुढे आलं, असं जामसिंगचं म्हणणं. काठ्या निघाल्या होत्या, म्हणून समितीकडे आलं.

आबांनी कप-बशी दिली. दोघे चहा प्यायले आणि पुन्हा भांडायला लागले.

सरुबाई एवढा वेळ गप्प होती. ती पावरीत काहीतरी म्हणाली. दोघं एकदम थांबले. मग ती माझ्याकडे वळून रजिस्टरसाठी अहिराणीत म्हणाली, "मी त्यासले इचारं, तठे पाच महिना दोन्ही घरं एकच पालमा ऱ्हायनात. एक चूल, एक हंडा. तठे पुरनं, आठे वीतभर का पुरत नही?"

मी विचारलं, "मग काय म्हणतात?"

जामसिंगने स्वतःच उत्तर दिलं, शाळेतल्या मराठीत, सावकाश. "बाई, तिथे आमचं काहीच नव्हतं ना."

रतनने संध्याकाळी कुंपण मागे घेतलं की नाही ते बघायला मी गेलो होतो. निम्मं घेतलं होतं.

त्या दिवशी सरुबाई जाताना आबांना म्हणाली, "आबा, तुम्हना बोळ कितला शे?"

आबा म्हणाले, "तीन फूट."

"कितला वीत व्हतस?"

आबा चपला शोधायला लागले.

*

आणि आता आजचं.

माझ्या शेडला लागून सुकदेवची पिठाची गिरणी आहे. रोटाचं दळण असलं की सुकदेव आदल्या दिवशी दगड धुतो, पहिल्यांदा रोट दळतो, मग बाकीचं. सकाळी अकराला दोन बाया दोन बाजूंनी गिरणीवर आल्या. आबांच्या शेवंताबाई आणि नानांच्या कमलबाई. दोघींच्या हातात कोऱ्या फडक्यात बांधलेलं गव्हाचं एकेक गाठोडं.

सुकदेवने पट्टा चढवला नाही. म्हणाला, "एक कुळना दोन रोट मी दळाव नही. देवीना कोप मन्हा चक्कीवर नको. समितीना कागद आना."

दोघी आत माझ्याकडे आल्या. या दोन जावा लोकांसमोर अकरा वर्षं बोललेल्या नाहीत. लोक नसले की बोळावरून वाट्या इकडून तिकडे जातात, हे मला माहीत आहे, कारण माझ्या दुकानाची मागची खिडकी तिकडेच उघडते.

शेवंताबाई म्हणाल्या, "भाऊ, अर्ज लिख."

मी विचारलं, "अर्जदार कोण?"

कमलबाई म्हणाल्या, "आम्ही दोन्ही."

"विरुद्ध?"

"ते दोन्ही."

असा अर्ज रजिस्टरमध्ये पहिल्यांदाच आला. मी आबांना बोलावलं, नानांना बोलावलं. मंगळवार नव्हता, पण मंगळवारपर्यंत कानबाई थांबणार नव्हती. आबा आले आणि सवयीने हातांच्या खुर्चीकडे वळले. सरुबाई आधीच त्यात बसली होती.

म्हणाली, "आज तुम्ही बाकवर."

आबा बाकाच्या एका टोकाला बसले. नाना आले, दुसऱ्या टोकाला बसले. दोघांच्या मधे तीनेक फूट जागा राहिली. दाराबाहेर गर्दी जमली. मोतीराम उजवीकडे उभा होता, दशरथ डावीकडे.

नाना म्हणाले, "माले कोनासंगे भांडनं नही. मन्ही सून देवीपुढे बसाले जोयजे. मन्हा रोट येगळा दळा, इतलंच."

आबा पत्र्याकडे बघत म्हणाले, "ज्याले येगळं व्हवानं शे त्याले मी काय बांधी ठेवू?"

नाना म्हणाले, "पहिले पन्हाळ कोनी काढी नही?"

"पहिले पन्हाळ कोनी काढी नही?"

सरुबाई म्हणाली, "एक चहा सांगा."

चहा आला. कप आणि बशी बाकावर मधल्या जागेत ठेवली. कोणी हात लावला नाही. कमलबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. शेवंताबाईंनी दोन्ही गाठोडी माझ्या टेबलावर ठेवली, जळालेल्या मोटारीशेजारी. चहावर साय धरली.

मी रजिस्टर उघडलं. रोटाचा कागद द्यायचा म्हणजे त्यात गाठोडं कोणाचं आणि किती पुरुषांचं, हे लिहावं लागणार. मी आबांना विचारलं, "आबा, गहू कोनी मोजा?"

"मीच मोजा. दुसरा कोन मोजी?"

"कितला पुरुषसना?"

आबा म्हणाले, "लिखी टाक काय ते."

"मी मनानं लिखत नही, आबा."

बाहेर कोणीतरी खोकलं. आबा खाली जमिनीकडे बघत होते.

"पाच," ते म्हणाले. "दरसाल पाचच."

शेवंताबाईंनी पदर सारखा केला. नानांनी मान वर केली होती, ती त्यांनी पुन्हा खाली घातली.

मी त्यांना विचारलं, "नाना, हाई दुसरं गाठोडं तुम्हीच मोजं?"

"हा."

"कितला पुरुषसना?"

मी पेन टेकवून थांबलो. मला घाई नसते.

"पाच," नाना म्हणाले.

सुकदेव दारात बोटं मोजत होता. म्हणाला, "पन तुम्हना घरमा तं..."

सरुबाई म्हणाली, "चक्की सुरू कर."

नोंद. शनिवार, दुपार, बारा वाजून दहा मिनिटं, ऊन. गाठोडी दोन, दळण एक. चहा थंड. कप आबांनी घेतला, बशी नानांनी. कानबाई थोरल्या घरी, नवी सून देवीपुढे. बोळाचा तंटा प्रलंबित.